परवाची हवा

संशय घ्यायचा मला पगार मिळतो. गच्चीबावलीच्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्याने केलेल्या कामात चूक असणारच असं धरून चालायचं आणि ती सापडेपर्यंत जागचं हलायचं नाही, हे माझं काम. सवय घरीही येते. दूधवाला, लिफ्ट दुरुस्त करणारा, समोरच्या फ्लॅटमधला भाडेकरू, सगळ्यांकडे मी दोनदा बघते. बाबा म्हणतात, "केतकी, साक्षात देव प्रसन्न झाला तरी तू आधी त्याचं आधार कार्ड मागशील." मागेन. त्यात माझं काय चुकलं?

विक्रम मात्र माझ्या चाळणीतून सहीसलामत बाहेर पडला होता. जामबागच्या जुन्या मराठी घरातला मुलगा. पणजोबा कधीकाळी बिदरकडची शेती भावाच्या हवाली करून इकडे आले, आणि आता घरच्यांचं कोठी भागात दवाखान्यांना लागणाऱ्या वस्तूंचं दुकान आहे. वडील, हणमंतराव, थकले म्हणून ते विक्रमच बघतो. रक्तदाब मोजायची यंत्रं हा मुख्य माल. "आठवडाभर माणसांचं प्रेशर, रविवारी टायरचं," असं तो म्हणतो आणि दर वेळी स्वतःच हसतो. पुढच्या महिन्यात आमचा साखरपुडा ठरला होता.

टायरचं म्हणजे काय, तर त्याच्याकडे एक जुनी लाल स्पोर्ट्स कार आहे. दोन सीटची, जमिनीला पोट घासणारी. जामबागच्या गल्लीत ती वळतच नाही, म्हणून आमच्या सोसायटीच्या तळघरात उभी असते. चाव्या दोघांकडे. शहराबाहेरच्या छोट्या ट्रॅकवर आम्ही दोघंही ती चालवतो, आणि खोटं कशाला बोलू, मी त्याच्यापेक्षा बरी चालवते. हे तो चारचौघांत मान्य करतो. मला तेच जरा खटकायचं. इतक्या सहज कोण मान्य करतं?

त्या रविवारी आमच्या क्लबचे हिम्मतराव एका माणसाची निवड करणार होते. कोइमतूरच्या मोठ्या ट्रॅकवर क्लबतर्फे एकच जण जाणार. विक्रम आणि मी एकाच गाडीतून आळीपाळीने उतरणार, ज्याची फेरी जलद त्याचं नाव पुढे. मला ती जागा हवी होती. किती हवी होती हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, त्यालासुद्धा.

शनिवारी संध्याकाळी आम्ही तळघरात हवा लावली. रस्त्यावर चालवायची तर कंपनीने दाराच्या आतल्या पट्टीवर लिहिलेलं असतं तेवढी भरायची, तेहतीस. पण ट्रॅकवर टायर तापतो, आत हवा तापते आणि दाब चढतो. म्हणून थंड गाडीत मुद्दाम कमी ठेवायची, म्हणजे दोन-तीन फेऱ्यांनी ती बरोबर हव्या त्या आकड्यावर येते. त्यातही आमच्या ट्रॅकवर उजवीकडची वळणं जास्त, सगळा भार डाव्या चाकांवर पडतो, ती जास्त तापतात, म्हणून डावीकडे आणखी कमी. विक्रम गुडघ्यावर बसून एकेका चाकाला मीटर लावत होता. डावीकडे सव्वीस, उजवीकडे अठ्ठावीस. पेशंटच्या दंडाला पट्टा बांधावा तशी माया.

"झालं," तो उठत म्हणाला. "उद्या तू आधी उतर. मी राणीकडं चाललो, सिकंदराबादला. भाऊजींनी जेवायला बोलावलंय."

आता ही गोष्ट लक्षात ठेवा. तो म्हणाला सिकंदराबाद, बहिणीकडे.

सकाळी मी निघाले तेव्हा बाबा दारात उभे होते. आई गेल्यानंतर ते पुण्याहून माझ्याकडे राहायला आले. या गाडीच्या नादावर ते एक अक्षर बोलत नाहीत, आणि न बोलून ते जे बोलतात ते चांगलं ठसठशीत ऐकू येतं. त्यांनी माझ्या हातावर दही-साखर ठेवली. त्यांची बोटं काळी दिसली. "बाबा, हात तरी धुवायचे," मी वैतागून म्हणाले आणि दही चाटून पळाले.

ट्रॅकवर पोचल्यावर हवा मोजली नाही. तासभर चालवून आणलेल्या गाडीचे टायर गरम असतात, मग आकड्याला अर्थ नसतो. काल रात्री थंड असताना दोघांनी डोळ्यांनी बघितलं होतं, ते पुरे.

पहिली फेरी बरी गेली. दुसऱ्या फेरीत तिसऱ्या वळणावर गाडी माझं ऐकेना. मी स्टिअरिंग वळवतेय आणि नाक सरळच चाललंय. मग मागचा भाग सुटला. पुरी टम्म फुगली की ताटात बूड टेकत नाही, नुसती घसरत राहते, तशी ती गाडी घसरत होती. चौथ्या फेरीला मी गोल फिरून मातीत गेले. काही लागलं नाही, पण हेल्मेटच्या आत मी रडत होते. रागाने.

विक्रम धावत आला. मीटर लावलं आणि त्याचा चेहरा बदलला. "एकेचाळीस! केतकी, इतकी हवा? कुणीतरी भरलीय की."

कुणीतरी. हा शब्द मी झेलून ठेवला.

मग त्याने काय केलं, तर शांतपणे चारही चाकांतली हवा सोडून ती हवी तिथे आणली, आणि आपल्या पाळीला उतरला. गाडी लोण्यासारखी चालली. त्याची फेरी माझ्यापेक्षा कितीतरी जलद. हिम्मतरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि मी सावलीत बसून हिशेब मांडत राहिले. चारही चाकांत दाब जवळजवळ सारखाच चढलेला. म्हणजे गळती नाही, चुकून नाही, मोजून भरलेली. तळघराची जागा कुणाला ठाऊक? त्याला. छोटा बॅटरीचा पंप कुणाकडे? त्याच्याकडे. मला आधी उतरायला कुणी सांगितलं? त्यानेच. आणि फायदा कुणाचा झाला?

परतीच्या वाटेवर तो दोनदा म्हणाला, "तू गप्प का गं?" मी म्हणाले, डोकं दुखतंय.

पण माझ्या धंद्यात नुसता संशय चालत नाही, पुरावा लागतो. सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना मी गेटवर थांबले. आमचा वॉचमन खाजाभाई, मिशीवाला, सदा पान चघळणारा. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "खाजाभाई, विक्रम आले होते का? मी नसताना? गाडीजवळ?"

"हौ मॅडम, आए थे ना," तो म्हणाला. "परसों आए थे. पंप लेको. चारों चक्कों में हवा भरे, चले गए."

"एकटे?"

"हौ, अकेलेच थे."

परसों. परवा. सोमवारच्या आधीचा रविवार, त्याच्या आधीचा शनिवार. म्हणजे सिकंदराबादला जेवायला जातो म्हणाला तो गेलाच नाही, किंवा जाऊन परत आला. राणीला फोन करून विचारावं असं एकदा मनात आलं. पण बहीण शेवटी भावाचीच बाजू घेणार, विचारून काय होणार?

आणि मग एकेक आठवायला लागलं. संशयाला एकदा वाट मिळाली की तो मागे मागे जात राहतो. पहिल्यांदा मी जामबागला गेले तेव्हा विक्रमच्या आई, कुसुमताई, स्वयंपाकघर दाखवत होत्या. कोपऱ्यात एक फ्रीज होता, खाली गंज चढलेला, दाराला पोचा, मुठीला चिकटपट्टी. त्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या होत्या, "हा परवाच आणला." तेव्हा मी मनातल्या मनात हसले होते. आता हसू आलं नाही. ज्या घरात आई फ्रीजबद्दल इतक्या सहज खोटं बोलते, तिथल्या मुलाला टायरबद्दल बोलायला काय जड जाणार? खाण तशी माती.

संध्याकाळी मी सरळ कोठीला गेले. दुकानात गर्दी होती. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या दंडाला पट्टा बांधून विक्रम त्यांना यंत्र कसं वापरायचं ते समजावत होता. मला बघून त्याचा चेहरा उजळला. तो उजळलेला चेहरासुद्धा मला बनाव वाटला.

"शनिवारी तू परत आला होतास," मी म्हणाले.

"कुठं?"

"आमच्याकडे. तळघरात. पंप घेऊन."

"शनिवारी मी राणीकडं होतो की."

"खोटं बोलू नकोस. वॉचमनने बघितलंय तुला."

त्याने म्हाताऱ्या गृहस्थांच्या दंडाचा पट्टा हळूच सोडला. "कोण, खाजाभाई?"

"हो."

"खाजाभाई म्हणाला, शनिवारी आला होता म्हणून?"

"हो."

"शनिवार म्हणाला?"

"हो म्हणाला! किती वेळा विचारशील? तुला कोइमतूरला जायचं होतं तर तोंडाने सांगायचं. माझ्या चाकांत हवा कशाला भरायची? मी उलटले असते तर?"

विक्रम माझ्याकडे बघत राहिला. त्या बघण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं. तो गोंधळला होता. स्वतःच्या घरात रस्ता चुकावा तसा.

"खाजाभाई खोटं बोलत नसतो," तो शेवटी म्हणाला, स्वतःशीच. मग मला म्हणाला, "तू त्याला विचारलीस. मला नाही विचारलीस."

"तुला विचारून तू सांगितलं असतंस?"

तो हातातला पट्टा गुंडाळायला लागला. मी ते कबुलीत धरलं. बोटात अंगठी नव्हती अजून, नाहीतर तिथेच काउंटरवर काढून ठेवली असती. त्याऐवजी गाडीची माझ्याकडची चावी ठेवली आणि निघून आले.

घरी बाबांना मी एवढंच सांगितलं की साखरपुडा होणार नाही, विक्रमने दगा दिला. बाबांचा घास हातात राहिला. "चांगला मुलगा होता गं," ते म्हणाले. मी म्हणाले, तसे सगळेच असतात. रात्रभर मला झोप लागली नाही, पण संशय मात्र फिटला होता, आणि त्याचं एक कोरडं समाधान असतं.

बुधवारी सकाळी गेटवर खाजाभाई पेढ्यांचा डबा घेऊन उभा होता. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर एकेक.

"क्या बात है, खाजाभाई?"

"बेटी को कॉलेज में सीट मिली, मॅडम. कोठी के कॉलेज में." त्याचे डोळे भरून आले होते. "वक्त कैसा जाता देखो. परसोंच मेरी शादी हुई थी, आज बेटी कॉलेज को जारी."

पेढा माझ्या तोंडात होता. तो तसाच राहिला.

"काय म्हणालात? शादी कधी झाली?"

"परसों, मॅडम. वोइच... अठरा-उन्नीस साल हो गए हुंगे."

"खाजाभाई," मी पेढा गिळून विचारलं, "तुमचं परसों म्हणजे... विक्रम परसों आले होते म्हणालात ना? ते कधी?"

"वोइच, आप पूना को गए थे ना दिवाळी में, तब. गाडी खडी थी महीना भर, चक्के बैठ गए थे, तो आको हवा भरे."

दिवाळी. दिवाळीला किती महिने झाले होते.

"मग शनिवारी? रविवारी? तेव्हा कुणी हात लावला गाडीला?"

"इतवार को सुबू सुबू तो साब थे ना नीचे," तो म्हणाला. "आपके अब्बा. पाँव वाला पंप लेको. पसीना पसीना हो गए बेचारे. मैं बोला, साब मैं मारतूं, तो बोले नक्को, मेरेकोच मारना है."

"हे तुम्ही सोमवारी का नाही सांगितलंत?"

खाजाभाईने माझ्याकडे निरागसपणे बघितलं. "आप वो कहाँ पूछे, मॅडम? आप विक्रम भाई का पूछे, मैं विक्रम भाई का बोला."

मी तिथूनच वर परत गेले. बाबा बाल्कनीत पेपर वाचत होते. मी विचारलं तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. अखेर कुणीतरी दखल घेतली, असा.

"भरली ना! अगं, काय ती अवस्था. एका चाकात सव्वीस, एकात अठ्ठावीस. माझ्या मनात आलं, या पोरांचं लक्ष असतं कुठे? दारावर स्वच्छ लिहिलंय तेहतीस. चारही चाकांत मोजून तेहतीस केली. लांब जायचं म्हटलं की हवा-पाणी-तेल बघायचंच. तुझ्या आईला स्कूटरवर न्यायचो तेव्हासुद्धा कधी चुकवलं नाही."

"मला सांगायचं ना, बाबा."

"तू माझ्याशी बोलतेस कुठे त्या गाडीबद्दल?" ते म्हणाले. मग पेपरची घडी घालत, "मला तुझ्यासाठी भीती वाटते. अडवू तर शकत नाही. म्हटलं निदान हवा तरी बघू. का गं? कमी पडली का?"

"नाही," मी म्हणाले. "बरोबर होती." पहाटे उठून, गुडघे दुखत असताना, पायाने पंप मारणाऱ्या माणसाला दुसरं काय सांगणार? मी त्यांच्याजवळ बसले, आणि मला इतकं रडू आलं की त्यांनी घाबरून पाणी आणलं.

त्या दिवशी मी ऑफिसला गेले नाही. जामबागला गेले. रिक्षात बसून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवत होते. विक्रमने मला विचारलं होतं, शनिवार म्हणाला? आणि मी हो म्हणाले होते. खाजाभाईच्या तोंडून शनिवार हा शब्द आलाच नव्हता. तो मी घातला होता. 'परसों म्हणाला' एवढं जसंच्या तसं सांगितलं असतं, तर इथेच जन्मलेला तो मुलगा काउंटरवर डोकं आपटून हसला असता, आणि तिथेच सगळं मिटलं असतं.

दार कुसुमताईंनी उघडलं. त्यांना काय ठाऊक होतं, किती ठाऊक होतं, मला कळलं नाही. "ये," म्हणाल्या, आणि पाणी आणायला आत गेल्या. विक्रम बाहेर आला. दाढी वाढली होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. खाजाभाईची शादी, दिवाळी, बाबांचा पंप. मध्ये एकदा त्याच्या ओठांवर हसू आलं, परसोंवर. ते आलं तसं गेलं.

"हिम्मतरावांना मी रविवारीच बोललो होतो," तो म्हणाला. "तिची हवा चुकली होती, तिला पुन्हा उतरवा, माझी वेळ धरू नका म्हणून. ते हौ म्हणाले. सोमवारी तू दुकानात आलीस ना, मला वाटलं त्यांचा फोन आला असेल तुला. थँक्यू म्हणायला आलीस."

मी त्याची माफी मागितली. मनापासून मागितली, कुठलंही कारण न जोडता.

"हवेचं काही नाही गं," तो म्हणाला. "हवा भरली म्हणालीस ते मी विसरेन. पण त्या दिवशी मी तिथं उभा, आणि तू असं बघत होतीस, आधीपासूनच ठाऊक असल्यासारखं. खाजाभाई उद्या दुसरं काही बोलला तर? दुसरं कुणी बोललं तर?"

"नाही बघणार तसं."

"बघशील. तुझा स्वभाव आहे तो." तो हे रागाने म्हणाला नाही. टेबलावर माझी चावी पडली होती, ती त्याने उचलली, देईल असं वाटलं, मग खिशात टाकली. "आता नक्को, केतकी. आता मला बोलायचं नाही. परवा बोलू."

आणि तो आत गेला.

परवा. बुधवार आज, गुरुवार, शुक्रवार. मी बोटांवर मोजलं आणि मध्येच थांबले. कुसुमताई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. त्यांच्यामागे स्वयंपाकघरात तो फ्रीज घरघरत होता.

"काकू," मी विचारलं, "हा फ्रीज कधी आणला?"

"हा? परवाच की," त्या म्हणाल्या, आणि मागे जाऊन पदराने त्याच्या मुठीवरची धूळ पुसली. "विक्रम बारावीला होता बघ."